शंभर-ऐंशी-बारा

हासानंदच्या दुकानात नुसता आकडा घेऊन आलेल्या माणसाला टायर मिळत नसे.

"शेठ, नव्वद-नव्वद-बारा आहे का?" गिऱ्हाईक विचारायचं.

"आहे."

"द्या एक."

"चाक कुठाय?"

"चाक गाडीला. नंबर आणलाय ना मी. हा बघा, फोटो पण काढलाय."

"फोटोला टायर चढवू का? जा, गाडी आण. पाय घरी ठेवून चप्पल घ्यायला आला."

माणूस चिडून शेजारच्या दुकानात जायचा, तिथून टायर घेऊन आमच्यासमोरून ऐटीत निघायचा. मी म्हणायचो, "हासू, चालत आलेला माणूस घालवलास." त्यावर तो तोंडातली लवंग या गालातून त्या गालात सरकवायचा. "माणूस कुठे आला होता, अदा? नंबर आला होता. नंबर गेला." अदा म्हणजे सिंधीत भाऊ. मला तो म्हात्रे म्हणायचा तेव्हा रागात असायचा, अदा म्हणायचा तेव्हा मायेत.

मागच्या थंडीत तो गेला. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात आजही लोक म्हणतात की म्हातारा आंधळा झाला होता तरी दुकान सोडत नव्हता, शेवटी स्वतःच्या नातीला पाडलं. त्यातलं आंधळा एवढं खरं आहे. तो होता तोवर मी गप्प राहिलो, कारण मी शब्द दिला होता आणि दिलेला शब्द मी मोडत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहिण्यात चुका निघतील. काढणाऱ्याने काढाव्यात, पण हासूचं जे अर्धंच सांगतात ते मला पुरं करायचं आहे.

अंबरनाथची आमची कंपनी बंद पडली तेव्हा मला पुन्हा कोणाच्या हाताखाली जायचं नव्हतं. एक जुना कंप्रेसर घेतला आणि पंक्चरचं काम करायला जागा शोधत फिरलो. आमच्या गावाहून, खरवईहून निघून अंबरनाथ पालथं घातलं, पुढे पाच नंबरात आलो. हासानंदच्या दुकानाची पायरी रुंद होती. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"भांडतोस का?"

"भांडतो," मी म्हटलं.

"मग बस. इथे सगळे शेठ शेठ करतात, कंटाळा आला."

मी त्याला कधीच शेठ म्हटलं नाही. हासू म्हणायचो. तो खुर्चीवर बसत नसे. जुन्या टायरांची चळत, तिच्यावर गोणपाट, ती त्याची बैठक. मे महिन्यातसुद्धा डोक्यावर लोकरीची टोपी. नवा माल आला की प्रत्येक टायरात अंगठ्याचं नख रोवायचा. नखाची खूण लगेच भरून आली तर टायर ताजा, राहिली तर गोदामात पडून वाळलेला, तो परत पाठवायचा. टायर चाकावर चढवून झाला, गिऱ्हाईक पाकिटाला हात घालायला लागलं, की म्हणायचा, "थांब. चढला म्हणजे बसला नाही." मग चाक फिरवून बघायचा, कडेची रेघ रिमपासून सगळीकडे सारखी दिसते का ते बघायचा, बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने आहे का ते बघायचा. तोपर्यंत गिऱ्हाईकाने कुठेही जाऊन यावं.

टायरावरचे आकडे त्याने मला शिकवले. "पहिला कमर, दुसरा कद, तिसरा घर." कमर म्हणजे टायरची रुंदी, कद म्हणजे उंची, घर म्हणजे ज्या रिमवर तो बसतो तिचं माप. "घरात चूक नाही चालत. बारा इंची घरात दहा इंची टायर जाणारच नाही. भांडण कमर आणि कदाचं असतं."

मी म्हटलं, "नव्वद-नव्वद म्हणजे नव्वद रुंद, नव्वद उंच. त्यात शिकवायचं काय?"

"नाही. कमर नव्वद मिलिमीटर. कद म्हणजे त्या कमरेच्या शंभरातले नव्वद. एक्क्याऐंशी होतात."

"मग एक्क्याऐंशीच लिहायचं ना सरळ. लिहायला लाज वाटते का त्यांना?"

"म्हात्रे, टेप आण."

टेप आणला, मोजलं. एक्क्याऐंशीच्या जवळच आलं. मी म्हटलं टायर झिजलेला आहे. त्याने गोदामातून नवा आणला. मी म्हटलं टेप सैल आहे. त्या दिवशी आम्ही चहा वेगवेगळा प्यालो. मला आजही वाटतं की सरळ लिहायला पाहिजे होतं.

पण हासूचं नाव झालं ते वेगळ्याच गोष्टीने. पाच नंबरात घराघरात जीन्स शिवतात. शिवलेला माल धुलाईला, तिथून इस्त्रीला, तिथून बाजाराला, सगळा स्कूटरवरून. पुढे पायात गठ्ठा, मागे कानाच्या वर गठ्ठा, मधे माणूस कुठे आहे ते शोधावं लागतं. जीन्सचा कपडा म्हणजे दगड. मागचा टायर चेपायचा, कडेने फाटायचा. हासू अशा गाड्यांना मागे कंपनीच्या मापापेक्षा एक माप जाड टायर घालायचा. त्याला तो "एक नंबर वर" म्हणायचा. पेट्रोलच्या स्कूटरचं मागचं चाक एकाच अंगाने धरलेलं असतं, दुसऱ्या अंगाला मोकळं. जाड टायर मजेत मावायचा. गाडी डुलायची बंद झाली, टायर वर्षभर जास्त टिकायला लागला. मग सगळ्या कॅम्पात ती रीतच पडली. बदलापूरहून दूधवाले यायचे, गॅसच्या टाक्या पोचवणारे यायचे. "हासूशेठ, मागे एक नंबर वर टाका." गाडी समोर उभी असली की तो मागे कोण बसतं, काय लादता, हे विचारायचा आणि मगच टायर काढायचा. चाक आण म्हणायचा ते याच्यासाठी.

त्याच्या डोळ्यांचं मला कळलं ते एका सकाळी. दुकान उघडल्यावर तो रोज झुलेलालच्या तसबिरीपुढे अगरबत्ती ओवाळायचा. आदल्या दिवशी त्याचा मुलगा प्रकाश ती तसबीर काच बदलायला घेऊन गेला होता. भिंतीवर नुसता खिळा होता, आणि खाली जुन्या धुराचा चौकोन. हासू आला, चप्पल काढली, टोपी सारखी केली आणि त्या खिळ्याला अगरबत्ती ओवाळायला लागला. डोळे उघडे. ओठ हलत होते. शेवटी त्याने हात पुढे करून तसबिरीतल्या देवाच्या पायाला लावायला नेला आणि बोटं भिंतीला लागली.

तो तसाच उभा राहिला. मग पाठ न फिरवता म्हणाला, "बघितलंस?"

"बघितलं."

"प्रकाशला बोलू नको."

"कधीपासून?"

"शुगर आहे ना. आधी मधे मधे काळं यायचं. आता मधे मधे दिसतं." मग वळला. "त्याला कळलं तर दुकान गेलं समज. त्याला इथे मोबाईलची कव्हरं लावायची आहेत. मला फ्लॅटच्या बाल्कनीत बसवेल. तिथे मला सगळं मिळेल, अदा. चहा, नाश्ता, रेडिओ. फक्त मी नसेन."

मी म्हटलं, "मला कशाला बोलायचंय? मी प्रकाशशी तसाही फारसा बोलत नाही."

मग आमचा धंदा नव्या पद्धतीने सुरू झाला. टायरावरचे आकडे रबरातच उठलेले असतात, छापलेले नसतात. हासू टायर मांडीवर घ्यायचा आणि अंगठा कडेने फिरवायचा. नऊ, शून्य, आडवी रेघ, नऊ, शून्य. अंगठा थांबला की बोलायचा. बाणसुद्धा अंगठ्याने शोधायचा. मी मुद्दाम जवळजवळचे टायर अदलाबदल करून ठेवायचो, फसतो का बघायला. एकदाही फसला नाही, वर शिव्या मिळायच्या. गिऱ्हाईक आलं की मी पायरीवरून मोठ्याने ओरडायचो, "या या पवार, इकडे उजव्या बाजूला उभे राहा!" पवार बुचकळ्यात पडायचे, हासू मात्र बरोबर उजवीकडे तोंड करून नमस्कार करायचा. प्रकाश संध्याकाळी हिशेबाला यायचा तेव्हा हासू झोपेचं सोंग घ्यायचा. बापाला हल्ली झोप फार येते, असं प्रकाश मला सांगायचा. मी म्हणायचो, "वय झालं."

एका माणसापुढे मात्र त्याला सोंग जमत नसे, ती म्हणजे नात कशिश. प्रकाशची एकुलती एक पोर, आजोबाला दादा म्हणायची. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. सकाळी लोकांच्या पोटात चहा जायच्या आत घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं आणि लॅबला पोचवायचं. बदलापुरात तिकडे सोनिवली, खरवईला नव्या इमारती झाल्यात ना, तिथले म्हातारे-कोतारे सगळे तिच्या ओळखीचे. तिने स्वतःच्या पगारातून इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. प्रकाशला ती गाडी डोळ्यांपुढे नको होती. "मुलीने अंधारात उठून बदलापूरच्या रस्त्याला जायचं, कशाला? घरात काय कमी आहे?" तो सारखा म्हणायचा की कुठेतरी आपटेल, मग समजेल. हासू म्हणायचा, "जाऊ दे तिला. मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा मला पण बापाने अडवलं होतं, टायरचं दुकान नको म्हणून."

गाडी पहिल्यांदा दुकानासमोर आली तेव्हा हासू उठून तिच्याभोवती फिरला. हात लावत लावत. मागच्या चाकावर हात थांबला. तिथे नेहमीच्या चाकासारखी पोकळी नव्हती, मधे लोखंडाचा गरगरीत डबा.

"हे काय?"

"मोटर आहे, दादा. चाकातच असते."

"चाकातच?" त्याने दोन्ही तळहात त्या डब्यावर ठेवले. "चालू कर." तिने स्टँडवर चाक फिरवलं. आवाज जवळजवळ नाहीच. हासूचं तोंड लहान मुलासारखं झालं. "बघ अदा, धूर नाही, कटकट नाही, सगळी ताकद पोटात. ही गाडी तुझी बहीण आहे. आतल्या आत घुमते."

"तुझ्यासारखी बडबडण्यापेक्षा बरी," मी म्हटलं.

पुढे तिचा मागचा टायर गुळगुळीत झाला. ती म्हणाली शोरूममधून घालून आणते. हासूला ते अपमानासारखं लागलं.

"घरात टायरवाला असताना?"

"दादा, ते नंबर बघून तोच घालतात."

"नंबर बघतात. तुझ्या मागे कोण बसतं ते बघतात का? कोण बसतं?"

"सविता. माझ्याबरोबर असते."

"बारीक आहे?"

कशिश हसली. "नाही."

"पुढे काय असतं?"

"बर्फाची पेटी. सॅम्पलची."

"झालं तर मग. मागे एक नंबर वर."

कंपनीचा टायर नव्वद-नव्वद-बारा होता. हासूने मांडीवर टायर घेऊन अंगठा फिरवला आणि शंभर-ऐंशी-बारा काढला. मला समजावलं. घर तेच, बारा. कद जवळजवळ तेवढंच, कारण शंभराचे ऐंशी म्हणजे ऐंशी, आणि आधीचे एक्क्याऐंशी. "गाडीला कळणार पण नाही. फक्त कमर वाढली." मी मोटरची वायर सोडवली, चाक खाली घेतलं, टायर उतरवला, नवा चढवला, पुन्हा चाक बसवून वायर जोडली. या गाडीचं मागचं चाक दोन्ही अंगांनी लोखंडी हातांनी धरलेलं होतं, आणि मोटरची वायर एका हाताच्या आतल्या बाजूने क्लिपमध्ये अडकवून वर नेलेली. हासूने चाक फिरवलं. मी दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं. टायर आणि लोखंडी हात यांच्यात जागा कमी होती, पण होती. चाक मोकळं फिरत होतं. माझे डोळे तेव्हाही चांगले होते, आजही आहेत. आमच्या घरात सुईत दोरा मीच ओवतो.

"चढला म्हणजे बसला नाही," हासू म्हणाला. पुन्हा फिरवलं. कान लावून ऐकलं. "बसला."

ही गोष्ट मी सोडून कोणाला ठाऊक नाही, म्हणून नीट सांगतो. अंगठ्याने चूक केली नव्हती. डोळ्यांचा तिथे संबंधच नव्हता. दिसत असतं तरी हासूने तोच टायर घातला असता, आणि पाच नंबरातल्या कुठल्याही जाणत्या माणसाने तोच घातला असता, कारण आमची रीतच ती होती. स्टँडवर चाक रिकामं असतं. त्यावर दोन माणसं बसली, खड्ड्यात आदळलं, की टायरची कमर आणखी फुगते. पेट्रोलच्या गाडीत फुगायला एक बाजू मोकळी होती. या गाडीत नव्हती. तो फुगून वायरच्या क्लिपला घासत राहिला, रोज थोडा थोडा.

सोनिवलीच्या रस्त्याला उतारावर तो फाटला. गाडी आडवी झाली. सविता गवतात पडली, तिला खरचटलं. कशिशचा डावा हात मोडला. बर्फाची पेटी उघडून सगळ्या नळ्या फुटल्या आणि पोर दुसऱ्यांच्या रक्तात पडून होती. जमलेल्या लोकांना ते तिचंच रक्त वाटलं. कोणीतरी तिच्या फोनवरून प्रकाशला लावलं आणि सांगितलं की मुलगी वाचत नाही. तो अंबरनाथहून तिथे पोचेपर्यंत त्याचं काय झालं असेल ते मी समजू शकतो. त्यानंतर तो जे बोलला त्याचा म्हणूनच मला राग नाही.

दोनेक दिवसांनी गाडी टेम्पोतून दुकानासमोर आली. प्रकाश आला, बरोबर कशिश, गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात. ती घरी थांबायला तयार नव्हती.

"उतारावर कशी सोडली असेल गाडी, दिसतंय ना!" प्रकाश ओरडत होता. "किती वेळा सांगितलं. सुनती है किसी की? संपलं आता. ही गाडी आजच विकायची. नोकरी बंद."

"पप्पा, मी हळू होते."

"हळू असती तर पडली असती?"

"सविताला विचारा ना. हळूच होते मी. मागून आपोआप गेली गाडी."

"आपोआप! हां, सगळ्यांची गाडी आपोआपच जाते."

ती रडत नव्हती. दात दाबून उभी होती. तिला नोकरीचं काय वाटायचं ते मला माहीत होतं. आमच्या खरवईला ती रक्त घ्यायला यायची तेव्हा माझी बायको तिला म्हणायची, "बस गो बाय, जरा टेक," आणि ती म्हणायची, "आजी, आत्ता बसले तर पुढच्या घरचे उपाशी राहतील."

हासू टायरांच्या चळतीवर बसला होता. मला म्हणाला, "अदा, चाक खोल."

मी खोललं. त्याने चाक मांडीवर घेतलं, मोटरीसकट, जड होतं. अंगठा टायरच्या कडेने फिरवायला लागला. मी बघत होतो. अंगठा आकड्यांवरून गेला, थांबला नाही. मग खाली सरकला आणि एका चरात पडला. तो चर पुऱ्या टायरला गोल होता. हासूने अंगठा त्या चरातून हळूहळू फिरवत पुरा फेरा घेतला, जिथे रबर फाटलं होतं तिथपर्यंत. नंतर हात लांब करून गाडीचा तो लोखंडी हात चाचपला. क्लिप सापडली. ती घासून चकचकीत झाली होती.

प्रकाश बोलतच होता. गिऱ्हाईक कोण मिळेल, कोणाला फोन करायचा.

"प्रकाश," हासू म्हणाला. "पोरीची चूक नाही. टायर चुकीचा होता. मी घातला."

"पप्पा, तिला वाचवायला काही पण बोलू नका. तुम्ही चुकीचा टायर घालणार? आयुष्य गेलं तुमचं टायरात."

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की टायर वाचण्यात चूक नव्हती, रीतच या गाडीला चालत नव्हती. हासूचा हात माझ्या गुडघ्यावर येऊन पडला. त्याने गुडघा एवढ्या जोरात दाबला की मी तोंड मिटलं.

"मला दिसत नाही, पुट," तो मुलाला म्हणाला.

प्रकाशला आधी समजलंच नाही.

"नंबर वाचता आला नाही. हाताला लागला तो घातला. खूप दिवस झाले, मला काही दिसत नाही."

रस्त्यावरून जीन्सचा टेम्पो हॉर्न वाजवत गेला. प्रकाश पुढे आला, त्याने बापाच्या तोंडापुढे हात नेला, बोटं वर धरली. विचारणार होता, किती. हासूला बहुतेक हाताचा वारा लागला. म्हणाला, "नको विचारू, पुट."

प्रकाशचा हात तसाच हवेत राहिला. तेव्हा कशिश पहिल्यांदा रडली. ती दादाच्या पायाशी खाली बसली, प्लास्टरचा हात सांभाळत, आणि त्याच्या गुडघ्याला डोकं लावलं. "मला माहीत होतं, दादा," म्हणाली. "मला दिसत होतं की तुम्हाला दिसत नाही."

बऱ्याच वेळाने प्रकाश मला म्हणाला, "अंकल, गाडीला कंपनीचाच टायर घालून आणा. शोरूमला." आणि नोकरीचं, विकायचं, पुन्हा काही बोलला नाही.

ते दोघं गेल्यावर हासूने लवंग काढून तोंडात टाकली. मी रागावलो होतो. खरं सांगतो, मला त्याचा एवढा राग कधी आला नव्हता.

"खोटं का बोललास? नंबर वाचता आला नाही म्हणे."

"खरं सांगितलं असतं तर मानलं असतं त्याने? ऐकलंस ना, तुम्ही चुकणार, म्हणाला. पोरीवरच राहिलं असतं." त्याने लवंग दुसऱ्या गालात सरकवली. "डोळ्यांचं बोललो, लगेच मानलं."

"दुकान गेलं तुझं."

"हो."

तो जरा पुढे वाकला. आवाज अगदी खाली आणून, चोरून विचारावं तसं विचारलं, "अंगठ्याने बरोबर वाचलं होतं ना, अदा?"

"बरोबर वाचलं होतंस."

"शंभर-ऐंशी-बारा?"

"शंभर-ऐंशी-बारा."

"बस," तो म्हणाला.

त्याने माझ्याकडून शब्द घेतला तो तेव्हा. लोक काही म्हणोत, मी मधे पडायचं नाही. म्हणून पाच नंबरात माझ्यासमोर लोक त्याला हसले, आंधळ्याने नातीला पाडलं म्हणाले, आणि मी, ज्याने कंपनीत मुकादमाचं एक अक्षर ऐकून घेतलं नाही, तो मी खाली मान घालून ट्यूबला ठिगळ लावत राहिलो.

दुकान महिनाभरात रिकामं झालं. टायर घाऊक गेले. ती चळत कोणी घेतली नाही, ती कचऱ्याच्या गाडीत गेली. आता तिथे काचा आहेत, दिवे आहेत, भिंतभर मोबाईलची कव्हरं लटकतात. मी कंप्रेसर उचलून खरवईला रस्त्याकडेला आणला. अंबरनाथ पूर्वेला त्याच्या फ्लॅटवर मी एकदाच गेलो. तो बाल्कनीत बसला होता. खालून गाडी गेली की सांगत होता, हवा कमी आहे मागे, किंवा, हिचा टायर उलटा बसवलाय, आवाज ऐक. मी म्हणत होतो, "बरोबर." मला तिथे जास्त वेळ बसवेना. मग मी गेलो नाही.

तोच आला. पावसाळा संपला होता. कशिशचा हात बरा झाला होता, ती पुन्हा सकाळी फिरायला लागली होती. त्या दिवशी सगळी घरं आटोपून लॅबला सॅम्पल देऊन ती दादाला मागे बसवून खरवईला घेऊन आली. माझ्या बायकोने त्याच्यापुढे चहा ठेवला.

"बिनसाखरेचा हाय हो शेठ, तोंड वाकडं करू नका."

"वहिनी, तोंड कसं झालंय ते मला कुठे दिसतं?" तो म्हणाला, आणि ती बिचारी ओशाळली, मग आम्ही सगळेच हसलो.

किती बारीक झाला होता. लोकरीची टोपी कपाळावर उतरत होती. माझ्या कंप्रेसरपाशी जाऊन त्याने तो थोपटला. जुना सोबती भेटल्यासारखा. जायची वेळ झाली तेव्हा म्हणाला, "थांब. कशिश, तू बस पुढे. म्हात्रे, तू मागे."

"मी कशाला?"

"वजन पाहिजे. बस. एवढी वर्षं बसून खाल्लंस, कामाला ये."

मी बसलो. तो गुडघ्यावर हात टेकत टेकत खाली बसला, मागच्या चाकाशी. त्याला खाली बसायला फार वेळ लागला. मी वरून बघत होतो. त्याने आधी अंगठा टायरवर फिरवला. नऊ, शून्य, नऊ, शून्य, एक, दोन. ओठ हलत होते. मग करंगळीजवळचं बोट टायर आणि लोखंडी हात यांच्या मधे घातलं आणि वरून खालपर्यंत ओढलं. वायरच्या क्लिपपाशी थांबला, पुन्हा ओढलं. दुसऱ्या बाजूला सरकला, तिथेही तसंच.

"हाल जरा," मला म्हणाला. मी गाडीवर हललो. त्याने बोट तिथेच ठेवलं होतं.

"जातंय," तो म्हणाला. "दोघं बसून पण जातंय."

कशिश समोर बघत होती. तिने आरशात बघितलं नाही, वळूनही बघितलं नाही. नुसती हँडल धरून बसली होती.

मी उतरलो, त्याला उठवलं, मागे बसवलं. तो म्हणाला, "अदा, कोणी आकडा घेऊन आला तर?"

"चाक आण म्हणेन."

"आणि चाक आणलं तर?"

"गाडी आण म्हणेन. दोघांना बसवून बघेन."

त्याने मान डोलावली. माझी बायको हाक मारत होती म्हणून मी दोन पावलं पडवीकडे सरकलो. गाडी निघाली, आवाज न करता. थोडी पुढे गेल्यावर हासूने मागे वळून हात वर केला. मी जिथे आधी उभा होतो त्या जागेकडे, कंप्रेसरशेजारी, जिथे आता कोणीच नव्हतं, तिकडे तोंड करून तो हात हलवत राहिला.

मी परत त्या जागेवर जाऊन उभा राहिलो.